हाक आणि वारा



भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधला आपला शिरूर तालुका आणि भीमेच्या दक्षिणेस पसरलेला दौंड हा सारा मुलूख पर्जन्यछायेचा असल्यामुळे, पाटाचे पाणी येऊन उसाचे मळे उभे राहण्यापूर्वी येथे गवताचे माळ, बोरी-बाभळी आणि ज्वारीची शिवारे हीच मुख्य संपत्ती होती. आणि या माळांवर कोल्हा, लांडगा, खोकड, ससा आणि तित्तर यांची वस्ती माणसाच्या वस्तीइतकीच जुनी आहे. कवठे येमाईच्या या व्याख्यानमालेत मी आज ज्या विद्येविषयी बोलणार आहे ती या माळावरचीच आहे. आवाज काढून जनावराला जवळ बोलावणे आणि ते करताना वाऱ्याचे भान राखणे, ही ती विद्या.

अमेरिकेत कायोटी नावाचे एक जनावर आहे, आपल्या कोल्ह्याहून थोडे मोठे आणि लांडग्याहून लहान. तेथील बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीस मोकळीक असून, शिकारी झुडपाआड बसून जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल करतो आणि आयते भक्ष्य मिळेल या आशेने कायोटी त्या दिशेने निघतो. परंतु तो सरळ येत नाही. आवाजाच्या जागेला वळसा घालून तो आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि तेथून, वारा तोंडावर घेत, कानाने ऐकलेले नाकाने पडताळून पाहतो. हा वळसा म्हणजेच या विषयाचे मर्म होय. कारण हाक देणाऱ्याला जनावर कोठे आहे यापेक्षा आपला स्वतःचा गंध कोठे चालला आहे, याचा विचार आधी करावा लागतो.

येथे निसर्गाने एक मोठा पेच घालून ठेवला आहे. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी आणि वर जास्त असतो, त्यामुळे वाऱ्याबरोबर जाणारा ध्वनी खाली वळून जमिनीशी राहतो व दूरवर पोहोचतो, तर वाऱ्याविरुद्ध जाणारा ध्वनी वर उचलला जाऊन थोड्याच अंतरावर विरतो. म्हणजे आपली हाक ज्याला सर्वांत स्पष्ट ऐकू येते तो प्राणी नेमका वाऱ्याखाली असतो, आणि आपला गंधही त्याच्याकडेच निघालेला असतो! मात्र दोघांची चाल सारखी नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर गंध वाऱ्याच्याच पावलांनी चालतो. सेकंदाला 3 मीटर असा मंद वारा असेल, तर 300 मीटरवरच्या कोल्ह्याला हाक एका सेकंदाच्या आत मिळते आणि माणसाचा वास पोहोचायला 100 सेकंद लागतात. पण जो आवाज काढण्यापूर्वी पाव तास एका जागी बसून राहिला, त्याचा गंध हाकेच्या कितीतरी आधीच शिवारभर पसरलेला असतो, आणि मग हे गणित त्याच्या काहीच कामाचे राहत नाही. चुलीच्या धुरासारखा हा गंध उगमापाशी निमुळता असतो आणि पुढे जावा तसा रुंद व विरळ होतो. म्हणूनच जाणता शिकारी वारा आडवा घेऊन बसतो, आवाजाचे साधन स्वतःपासून दूर ठेवतो, आणि नजर मात्र वाऱ्याच्या खालच्या बाजूवर लावतो. कारण वळसा घालणारे जनावर उघड्या मैदानात तेथेच प्रथम दिसते.

आपल्या माळावर हे आणखी बिकट होते. पावसाळ्यात मावळतीकडून वाहणारा जोरकस वारा दिशेला पक्का असतो. दिवाळीनंतरचा उगवतीचा वारा क्षीण, आणि पहाटे तर पुष्कळदा पान हलत नाही. पान हलत नाही म्हणून गंध जागच्या जागी राहतो, असे कोणी समजू नये. सूर्यास्तानंतर माळाची जमीन निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते आणि उताराने ओघळत ओढ्यात उतरते. त्यामुळे बांधावर बसलेल्या माणसाचा वास खाली ओढ्यात साचतो, आणि कोल्ह्याची रोजची वाट बहुधा त्याच ओढ्यातून जाते. ऊन चढले की प्रवाह उलटा, उताराने वर. दुपारी काळी रानं तापून वावटळी उठू लागल्या म्हणजे दिशेचा भरवसाच उरत नाही. चिमूटभर राख बोटांतून सोडून पाहावी: छातीच्या उंचीवर ती एकीकडे जाते आणि गुडघ्याखाली दुसरीकडे वळते, हे डोळ्यांनी दिसते. वावडीवर उभे राहून ज्याने ज्वारी उफणली आहे, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

ही विद्या ज्यांच्या हातात सर्वांत परिपक्व होती ते फासेपारधी. शिकवलेल्या गाईच्या अगर बैलाच्या आडून ते हरणांच्या कळपाकडे सरकत, तेव्हा माणसाचा आकार तर झाकलाच जाई, पण गुराचा ओळखीचा वासही सोबत चाले. पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराची साद ऐकून रानातला तित्तर फाशात येई. अशा माणसांना इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याच्या परंपरेत गुन्हेगार जमात ठरवून दप्तरी नोंदले व हजेरीला बांधले. तो कायदा 1952 साली रद्द झाला; नोंदीबरोबर चिकटलेला संशय मात्र आजही आपल्या गावांतून गेलेला नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, हे योग्यच झाले. त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे; फासे लावणे, हाकून नेणे, आमिष दाखवणे हेही तिच्यातच मोडते. तेव्हा मोबाइलवर सशाची किंकाळी वाजवून कोल्ह्याला उसाबाहेर काढण्याची जी हौस तरुणांत दिसते, ती त्यांनी आजच सोडावी.

पण वाऱ्याच्या ज्ञानाची गरज संपलेली नाही. लांडगा मेंढरांच्या वाड्यावर येतो तो बहुधा वाऱ्याखालून. त्या बाजूचा वास कुत्र्यांना मिळत नाही, म्हणून वाघुरीच्या जाळीच्या त्या अंगाला माणसाने जागे राहणे आवश्यक आहे. कोल्ह्या-लांडग्यांची मोजदाद करणारे अभ्यासक ध्वनिमुद्रित कोल्हेकुई ऐकवून येणारी उत्तरे मोजतात. युरोपात कोल्ह्यांच्या बाबतीत ही पद्धत रूढ आहे. या मोजदादीतही प्रश्न तोच, की कोणत्या दिशेचे उत्तर वाऱ्याने गिळले आणि कोणत्या दिशेचे जनावर गंध लागून गप्प राहिले. माझे वनखात्याला आग्रहाचे सांगणे आहे, की शिरूर-दौंडच्या माळांवर अशी मोजदाद करायची झाली तर प्रत्येक तुकडीबरोबर पारधी समाजातला एक वडीलधारा जाणकार असावा, बसण्याची जागा त्याने ठरवावी, आणि त्याचा मेहनताना इतर तज्ज्ञांच्याच दराने, त्यांच्याच यादीत नाव घालून चुकता व्हावा.