नादाला कान देताना



‘शांतता राखा’ ही पाटी प्रत्येक ग्रंथालयाचा पहिला शिष्टाचार असतो. पण मकरपुऱ्यात वाचायला बसलेल्या माणसाला शांतता मिळावी कुठून? खंडेराव महाराजांनी १८७० साली जिथे राजवाडा उभारला, त्या निवांत परिसराच्या शेजारी आज औद्योगिक वसाहत आहे. लेथची घरघर, पत्र्यावर पडणारे प्रेसचे ठोके आणि सुरतेकडे धावणाऱ्या गाड्यांची धडधड यांच्या सोबतीनेच येथील दिवस उजाडतो. या कोलाहलात परमेश्वर ऐकू येतो असे कुणी म्हटले, तर ती केवळ कविकल्पना समजावी काय?

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. त्यांच्या कन्येचे पुत्र इनायत खाँ हे १८८२ साली बडोद्यातच जन्मलेले वीणावादक. १३ सप्टेंबर १९१० रोजी ते हिंदुस्थानाबाहेर पडले आणि पश्चिमेत सूफी विचाराचे प्रवक्ते झाले. नादाच्या गूढत्वावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. सूफी ज्याला ‘सौत-ए-सरमद’ म्हणतात आणि आपले योगी ज्याला अनाहत म्हणतात, तो एकच नाद होय, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. हा मूळ नाद माणसाला कोणकोणत्या रूपांत ऐकू येतो, त्याची त्यांनी दिलेली यादी मोठी मनोज्ञ आहे : मेघांचा गडगडाट, समुद्राची गाज, घंटांची किणकिण, वाहते पाणी, भुंग्यांचा गुंजारव, चिमण्यांचा चिवचिवाट, वीणा, शीळ, शंख. दरबारात वाढलेल्या या कलावंताच्या यादीत वीणेचा क्रमांक चिमण्यांनंतर लागतो! पुढे तर त्यांनी वीणाही बाजूला ठेवली. प्रत्येक जीव हाच एक स्वर वाटू लागल्यावर वाद्याची गरज उरली नाही, अशा आशयाचे त्यांचे निवेदन आहे.

आपल्या संतपरंपरेने मात्र याहून एक पायरी खाली उतरून, अगदी शेणामातीत हा नाद ऐकला. जनाबाईच्या गोवऱ्यांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गोवऱ्या कुणाच्या यावरून दोघींत भांडण जुंपले, तेव्हा कबीरांना निवाडा कळला तो गोवरी कानाशी धरून. जिच्यातून ‘विठ्ठल’ ऐकू येईल ती जनीची. कालगणनेच्या हिशेबात येथे कबीर बसत नाहीत. पण आख्यायिकेला त्याची फिकीर नाही. गोवरी थापताना हाताबरोबर जे नाम चालले होते ते शेणात उतरले, आणि एका परमुलखातल्या विणकराने ते ओळखले, एवढेच तिला सांगायचे आहे. देव ऐकणे म्हणजे ती वस्तू ज्या हातांनी घडवली ते हात ओळखणे, असा त्याचा अर्थ लागतो.

दुसरी कथा अधिक कठोर आहे. शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी एकेक हाड कानाशी लावले आणि ज्यांतून विठ्ठलनाम उमटले ती हाडे पंढरपुरास आणली. जिवंतपणी ज्याला देवळाचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर झाली. कीर्तनात ही कथा डोळ्यांत पाणी आणते, ते योग्यच आहे. परंतु त्या भिंतीखाली इतरही मजूर होते. त्यांची हाडे तिथेच राहिली. त्यांच्यातून काय ऐकू आले, हे कुणी सांगत नाही.

मकरपुऱ्यातील ठोक्यांकडे वळताना हे विसरून चालणार नाही. यंत्राच्या आवाजात ओंकार ऐका, असे बाहेर उभे राहून म्हणणे सोपे आहे. आत उभ्या असलेल्या कामगाराची गोष्ट वेगळी. लेथवरचा जाणता कारागीर तर आवाजाचा उपासकच म्हणावा. हत्याराची धार गेली की डोळ्यांच्या आधी त्याच्या कानाला कळते. हे ऐकणे जपापेक्षा कमी एकाग्रतेचे नाही. पण प्रेसखात्याचा अखंड दणदणाट वर्षानुवर्षे कानावर पडला की अंतःकर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. अशा बहिरेपणात बहुधा प्रथम जातात ते उंच पट्टीचे आवाज. मेघांचा गडगडाट राहतो, गाडीची धडधड राहते. इनायत खाँच्या यादीतील चिमण्या मात्र नाहीशा होतात. अशा माणसाला नादब्रह्माचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या कानांत रबरी बोळे आहेत की नाहीत, हे पाहिलेले बरे.

कारण पाळी संपवून तो घरी येतो, नात शाळेतली गोष्ट सांगू लागते, आणि तिचे ‘स’ नि ‘श’ त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तो तिच्या ओठांकडे पाहत राहतो, आणि ती तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणते.