इंटरनेटची वाट अडविणाऱ्यास जाब



सार्वजनिक विहिरीची वाट कोणी अडविली, तर गाव त्यास जाब विचारते. इंटरनेटची वाट अडविणाऱ्यास जाब कोणी विचारावयाचा, हा आजचा प्रश्न आहे. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद ही कामे आता याच वाटेने होतात. ती काही तास बंद पडली, तरी सामान्य माणसाचा दिवस बुडतो.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत असेच घडले. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकातील पत्ता सांगण्याची सेवा ‘डाइन’ ही कंपनी देत असे. तिच्यावर निरर्थक मागण्यांचा प्रचंड भडिमार झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांना कित्येक तास मिळेनाशा झाल्या. भडिमार करणारी यंत्रे होती घराघरांतील कॅमेरे आणि राउटर. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेला नव्हता. ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम असे सुमारे साठ ठराविक पासवर्ड लावून पाहत असे आणि यंत्र ताब्यात घेत असे.

‘मिराई’ तयार करणारे तीन अमेरिकन तरुण विशीच्या आसपासचे होते. तपास चुकविण्यासाठी त्यांनी हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला आणि मग तो इतरांच्याही हाती गेला. तरीही तपास थांबला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तिघांचा कबुलीजबाब जाहीर झाला. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच वर्षे देखरेखीखाली ठेवले आणि प्रत्येकास २,५०० तासांची समाजसेवा व नुकसानभरपाई फर्माविली. ‘डाइन’ला ज्या हल्ल्याची झळ पोहोचली, त्यातील एका सहभागी व्यक्तीने २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. घटनेच्या वेळी ती अल्पवयीन होती. अपराधी सापडण्यास चार वर्षे लागली, परंतु तो सापडला, ही गोष्ट महत्त्वाची होय.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकीय जाळ्यात व्यत्यय आणणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हल्लेखोर परदेशात असला, तरी भारतातील संगणकास बाधा पोहोचल्यास कलम ७५ लागू होते. अर्थात, परदेशातील आरोपीपर्यंत पोहोचण्यास राष्ट्राराष्ट्रांचे सहकार्य लागते. त्यासाठीच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार संमत केला.

मात्र पुरावाच नसेल, तर कायदा काय करणार? २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही अशी घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवावयाची असून यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. बंद पडलेले यंत्र घाईने पुसून पुन्हा सुरू करणे म्हणजे चोराच्या पाऊलखुणा स्वतःच झाडून टाकणे होय.

ग्रामपंचायतीचा कॅमेरा आणि शाळेचा राउटर यांचा मूळ पासवर्ड आजच बदलावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस सांगावे की, गंमत म्हणून केलेला असा हल्लाही गुन्हाच ठरू शकतो. अपराध्यास शासन करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपले यंत्र त्याच्या हातचे शस्त्र होऊ न देणे, हे मात्र प्रत्येकाचे कर्तव्य आहे.