डॉक्टरांचं काय वाचलं जातं?



या स्मरणिकेचे लेख गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरवाली आहे, सांभाळेल, एवढीच माझी पात्रता. त्या निमित्ताने आपल्या 'ब' तुकडीतल्या डॉक्टरबाईंशी फोनवर लांबलचक बोलणं झालं. ती याच तालुक्यात दवाखाना चालवते आणि स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लिहिते. माझं आजचं भाषण निम्मं तिचंच आहे. तिला विचारूनच सांगते आहे, आणि ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे.

ती म्हणाली, मी रक्तदाब, डेंग्यू, लहान मुलांचं लसीकरण यांवर मेहनत घेऊन लिहिलं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आमच्याकडे प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर माहितीपुस्तिका असते, तिचंही हेच होतं. काही बिघडल्याशिवाय ती कुणी उघडत नाही. मग तिने एकदा मध्यरात्री वाचवलेल्या पेशंटची गोष्ट लिहिली. लोक 'वा, मॅडम' म्हणाले आणि विसरले.

पुढे एका रविवारी लेखाला विषय सुचेना, म्हणून तिने वडिलांबद्दल लिहिलं. काकांनी मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली होती आणि घरात डॉक्टर मुलगी असून तिला दोन वर्षं पत्ता नव्हता. पायाची जखम भरेना तेव्हा कळलं. सोमवारी दवाखान्यात आलेल्या आजी तपासायच्या टेबलावर बसता बसता म्हणाल्या, "बाबा कसे आहेत?" आणि मग खालच्या आवाजात, "मी पण बंद केलीय गोळी." त्या आठवड्यात असं सांगणारे आणखी चौघं निघाले. हाच सल्ला तिने आधी दोनदा लेखात दिला होता. तेव्हा कुणी कबूल झालं नव्हतं.

तिचं म्हणणं असं, की डॉक्टर फसलेला वाचून लोकांना मजा येत नाही, त्यांना बोलायला जागा मिळते. मला ते पटलं, कारण मोठी उदाहरणंही तेच सांगतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळल्याचं १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. १९९९ मध्ये तिथेच नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं संशोधन आलं. जगाने दखल घ्यावी असं काम. पण मराठी घरांतल्या कपाटात काय सापडतं? 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'! ऐन चाळिशीत स्वतः खाटेवर पडलेल्या डॉक्टरचं पुस्तक. डॉ. अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल'मध्येही मला सगळ्यात लक्षात राहिले ते त्यांचे वडील. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीतून अमेरिकेत गेलेले, स्वतः सर्जन, आणि मणक्यात गाठ निघालेले.

इथे मी तिला म्हटलं, मग सोपं आहे, असंच लिहीत जा. तर ती चिडली. म्हणाली, घरचे लोक किती पुरतील? उरतात ते पेशंट. लोकांना हव्या असतात त्या गोष्टी त्यांच्या आहेत, माझ्या नाहीत. नाव बदलून काय होतं? आपल्या गावात पायाचं बोट कापलेला किराणावाला म्हटलं की दुकानाचा पत्ता कळतो.

म्हणून तिचा एक नियम आहे. लिहिण्याआधी पेशंटला विचारायचं, पण दवाखान्यात नाही. खुर्चीसमोर बसलेला माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. ती त्यांच्या घरी जाते, लेख वाचून दाखवते आणि उत्तर न घेता निघून येते. दोन दिवसांनी त्यांनी कळवायचं. बरेच जण नाही म्हणतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटला. आमच्या क्षेत्रात तर एका बटणावर लोकांची संमती घेतात आणि तीही न वाचता दिलेली असते.

तिच्याकडे एक लेख पडून आहे. मी तो वाचलेला नाही, तिने वाचू दिला नाही. एका आईबद्दल आहे, एवढंच बोलली. ती बाई आता नाही. नवरा हो म्हणाला होता, पण मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि शाळेत त्याला सगळे ओळखतात. तो अठरा वर्षांचा झाला की त्यालाच विचारणार. मी स्मरणिकेसाठी तोच लेख मागत होते, दोनदा मागितला.

तिने दिलाय तो पावसाळ्यात पाणी उकळून का प्यावं यावर. छान लिहिलाय.