ओझर ते दिल्ली: खिडकी कोणत्या बाजूची?

नाशिकजवळच्या ओझरहून विमानाने दिल्लीला निघालात,
तर जागा निवडतानाच एक ठरवा.
खिडकी कोणत्या बाजूची?

आपलं विमान उत्तरेकडे जातं.
म्हणजे सकाळी सूर्य उजवीकडे.
तिकडे ऊन थेट डोळ्यांवर येतं.
खालची जमीन धुरकट दिसते.

म्हणून सकाळी डावी खिडकी.
संध्याकाळी उजवी.

पंखाजवळची रांग मात्र टाळा.
तिथून नुसता पंखच दिसतो.
अगदी पुढची किंवा मागची रांग बरी.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात सातमाळा रांग येते.
पूर्व-पश्चिम पसरलेली.
तिथल्या धोडप किल्ल्याच्या माथ्यावरची कातळभिंत,
आणि त्या भिंतीतली खाच ओळखता आली,
तर प्रवासाचं सार्थक झालं!

मग तापी.
मग सातपुडा.
आणि त्यापलीकडे नर्मदा.
दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात.
आपल्या वाटेला अगदी आडव्या.
शाळेत पाठ केलेला भूगोल इथे ओळीने समोर येतो.
मुलं सोबत असतील, तर खिडकी त्यांनाच द्या.

आणखी एक नवल सांगते.
खाली ढग असले,
तर विमानाची सावली त्यांच्यावरून पळताना दिसते.
कधी सावलीभोवती रंगीत कडं उमटतं.
ढगातल्या बारीक थेंबांची ती किमया.
पण ते दिसतं सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच.

तेव्हा लक्षात ठेवा.
दिल्लीला जाताना सकाळी डावी खिडकी, संध्याकाळी उजवी.
आणि येताना?
येताना बरोबर उलट.
सकाळी उजवी, संध्याकाळी डावी.