बहिणीच्या पगारावर शिकलेले भाऊ



पहाटेच्या लोकलसाठी कल्याण-डोंबिवलीच्या फलाटावर बायकांच्या डब्यापाशी केवढी गर्दी असते! त्यांतल्या कितीतरी जणी घरचा स्वयंपाक उरकून, डबे भरून निघालेल्या असतात. त्यांचा पगार घरात कोणाच्या कामी येतो, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. ते विचारणाऱ्या दोन लेखिकांविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

पहिली कोरियातली, चो नाम-जू. तिची ‘किम जियाँग, जन्म १९८२’ ही कादंबरी २०१६ साली निघाली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. नायिका अगदी साधी. घरात भावाला झुकते माप मिळताना पाहत ती वाढली, शिकली, नोकरीला लागली आणि मूल होताच नोकरी सुटली. मला मात्र चटका लावून गेली ती तिची आई. ती कोवळ्या वयात कारखान्यात राबली आणि तिच्या मिळकतीवर शिकले कोण, तर तिचे भाऊ!

आता आपल्या घरी येऊ. १९३३ साली मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. या बाई कोण, म्हणून महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. त्या संग्रहातल्या एका कथेचे नावच आहे, ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मुलगी मिळवती झाली की घर तिच्यावर टेकते आणि तिच्या स्वतःच्या संसाराचा विचार मागे पडतो, हे दुखणे मालतीबाईंनी तेव्हाच ओळखले होते.

हे मी पुस्तकातले म्हणून सांगत नाही. माझी थोरली बहीण दहावीला माझ्यापेक्षा अधिक गुण मिळवून पास झाली. पण घरची ओढगस्त. ती कामाला लागली, मी कॉलेजात गेलो. मी एम्. ए. झालो, तिचे लग्न तिशी उलटल्यावर झाले. एका भाऊबीजेला मी तिला हे पुस्तक दिले. कथेच्या त्या नावावर बोट ठेवून ताई म्हणाली, “माझंही असंच झालं की रे. मला फक्त कुणी विचारलं नाही.” ओवाळणीचे पाकीट ताटात टाकताना माझा हात जड झाला.

शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गातल्या मुलीचे नाव पटावरून कमी होते, तेव्हा आपण कारण लिहितो, ‘घरची अडचण’. त्या दिवशी तिच्या घरी जावे आणि एवढेच विचारावे, की अडचण तीच असताना भावाचे नाव पटावर कसे राहिले? आणि आईबापांनो, मुलीने पहिला पगार हातावर ठेवला की तिला विचारा, “पोरी, तुला यातून काय करायचं आहे?”

आमच्या घरी हे विचारायचे राहून गेले. तुमच्याकडे अजून वेळ आहे.