तीन पराभवांनंतरचा प्रशिक्षक

हॉकीच्या प्रशिक्षकाचं मोजमाप आपण फार झटपट करतो. संघ जिंकला की हार-तुरे, हरला की परतीचं तिकीट. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला चौथ्या आल्या, तेव्हा त्यांचे डच प्रशिक्षक शोर्ड मरिन यांचं एवढं कौतुक झालं, की जमा-खर्च मांडायचा राहूनच गेला.

२०१६ साली रिओमध्ये हा संघ बारा संघांत बारावा होता. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियोतली सुरुवातही तशीच. नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४. अकरा गोल खाल्ले, केले दोन. ब्रिटनशी हरल्यावर मरिन यांनी नाराजी लपवली नाही. पण रागावणं कुणालाही जमतं. त्यांनी मुलींना एक चित्रपट दाखवला, हातातल्या क्षणात जगण्याविषयीचा. मागचे पराभव मागे राहिले. आयर्लंडविरुद्ध नवनीत कौरनं ५७व्या मिनिटाला गोल केला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियानं तीन केले, आणि उपान्त्यपूर्व फेरीत चक्क ऑस्ट्रेलिया १-० नं हरली. गोल गुरजीत कौरचा, भिंत सविता पुनियाची. खचलेल्या संघाला दोन दिवसांत उभं करणं, ही या माणसाची खरी कमाई. शास्त्रीय सल्लागार वेन लोम्बार्ड यांनी कमावून घेतलेला दमही विसरू नये. अखेरच्या मिनिटांत पाय चालले ते त्यामुळे.

आता खर्चाची बाजू. पेनल्टी कॉर्नर मारायला गुरजीतशिवाय भरवशाचं दुसरं कुणी तयार झालं नव्हतं. आयर्लंडविरुद्ध कॉर्नरमागून कॉर्नर वाया गेले. पेनल्टी कॉर्नर अडवण्यातही सातत्य नव्हतं. ऑस्ट्रेलियाचे परतवले, पण उपान्त्य सामन्यात अर्जेंटिनाच्या बारियोनुएवोचे दोन्ही गोल कॉर्नरवरच झाले. कांस्यपदकाच्या सामन्यात ०-२ वरून ३-२ अशी आघाडी घेतली, ती उत्तरार्धात टिकली नाही. ब्रिटननं ४-३ नं पदक नेलं आणि शेवटचा घाव पुन्हा कॉर्नरवरच बसला. आघाडी मिळाल्यावर खेळ कसा सांभाळायचा, हा धडा कच्चा राहिला होता, असं माझं मत आहे.

आणखी एक नोंद. हेच मरिन आधी पुरुष संघाकडे होते. तिथे २०१७ चा आशिया चषक मिळाला, पण २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत संघ चौथा आला आणि लगेच त्यांना पुन्हा महिलांकडे धाडलं गेलं. प्रशिक्षक तोच, सहा महिन्यांत आधी गुणी, मग निरुपयोगी? माणूस एवढा पटकन बदलत नाही, आपली मोजपट्टी बदलते. संघाची ठेवण ओळखायला त्याला किती दिवस मिळाले, हे कुणी विचारलं नाही.

टोकियोनंतर मरिन गेले. त्यांच्या सहायक यानेके शॉपमन यांनी संघ हाती घेतला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळालं. मग २०२४ च्या जानेवारीत रांचीला, आपल्याच मैदानावर, जपाननं १-० नं हरवलं आणि पॅरिसचं दार बंद झालं. पुढच्याच महिन्यात शॉपमनही गेल्या.