मांजराचा परगावचा मुक्काम



वसंत व्याख्यानमाला म्हटली की वेदान्त, इतिहास किंवा देशाचे अर्थकारण हे विषय ओघानेच येतात. मांजरावर बोलायला उभा राहिलेला मी या व्यासपीठावरचा बहुधा पहिलाच. चिटणीसांना विषय कळवताना माझी लेखणी जरा अडखळली, हे कबूल करतो. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या घरी मांजर आहे असे विचारले, तर पुष्कळ हात वर होतील. आणि लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला किंवा इस्पितळासाठी कोल्हापूरला जाताना त्या मांजराचे काय करता, असे पुढे विचारले, तर त्यांतले बरेच हळूच खाली येतील. माझा सर्वांत आधी. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी आम्हांला तीन आठवडे कोल्हापुरात राहावे लागले. आमची मनी ही अंगाने चांगली भरलेली भाटी. तिला गावातच एका नातलगांकडे पोचवली आणि निघताना सांगितले, "तिला एकटे वाटू देऊ नका." त्या सज्जनांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. मुलांनी तिला मांडीवरून खाली उतरू दिले नाही, शेजारीपाजारी पाहून गेले, दर अर्ध्या तासाला कोणी ना कोणी दुधाची बशी पुढे करीत होते. त्याच रात्री ती वाशावर चढली आणि भिंत व कौले यांच्या फटीतून निसटली. नवव्या दिवशी ती सापडली, ती भाट्याच्या पुलापलीकडे, आमच्या कुलूपबंद घराच्या पडवीत. अंगाचा सापळा झाला होता, डोळे पिवळे पडले होते. समोर ठेवलेल्या बांगड्याकडे तिने पाहिलेदेखील नाही. आम्ही परतण्याच्या आदल्या दिवशी ती गेली. नातलगांचा यात काडीचा दोष नाही. सूचना माझी होती, आणि ती चुकीची होती.

कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणत. मांजराला माणसाचा लळा नसतो, असा त्याचा अर्थ करणे मात्र अन्यायाचे होईल. मांजर दाराच्या चौकटीला, खांबाला आणि आपल्या पायांना गाल घासते, त्याला आपण लाडीगोडी समजतो. त्याच्या गालांवर गंधाच्या ग्रंथी असतात, आणि घासून घासून ते स्वतःचा वास घरभर लावून ठेवीत असते. तो वास आहे तोवर जग ओळखीचे. त्याला परक्या घरी नेले, की हे सारे एका क्षणात पुसले जाते. अशा वेळी त्याला सोबत नको असते, लपायला जागा हवी असते. आपण नेमके उलटे करतो. त्याला लपू देत नाही आणि कुरवाळत बसतो.

हे केवळ माझे म्हणणे नव्हे. हॉलंडमधील संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या एकोणीस मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. दहांना लपायला खोका दिला, नवांना दिला नाही. खोकेवाली मांजरे पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे निवळली. बाकीच्यांना तेथवर पोचायला पुष्कळ अधिक दिवस लागले. अहो, खोक्याला का रत्नागिरीत तोटा आहे? आंब्याची रिकामी पेटी आडवी ठेवा, खिळे वर आलेले नाहीत ना हे पाहा, आत पेंढा घाला. आढीतल्या पेंढ्यात झोपलेले मांजर आपण सर्वांनीच हुसकावले आहे.

आता मुंबई-पुण्याकडे मांजरांची पाळणाघरे निघाली आहेत. काही ठिकाणी वातानुकूलित खोल्या असतात. त्याने फार हुरळून जाऊ नये. थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली या गावी आणून ठेवले. पुढे १९१० साली त्याला टेकडीवर राजवाडाही मिळाला, पण मंडाले काही मिळाले नाही. पाळणाघर पाहायला जाल तेव्हा खोलीच्या थाटापेक्षा हे पाहा, की एका मांजराला दुसरे दिसते का, कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते का, आणि चढून बसायला उंच फळी आहे का. अनोळखी मांजरांना एकमेकांची सोबत होत नाही, धास्ती होते. लसीचे आधीच विचारावे. कधीच टोचले नसेल, तर दोन मात्रांमध्ये तीन-चार आठवडे जातात.

बरोबर काय द्यावे? मांजर ज्यावर झोपते ती गोधडी, आणि ती न धुता. आमच्या मंडळींना हे सांगणे जड गेले, कारण परक्या घरी मळकी गोधडी पाठवायची लाज वाटते. घमेलेभर परसातली माती द्यावी; वाडीत जाणाऱ्या मांजराला विकतची वाळू म्हणजे काय ते कळत नाही. जेवण रोजचेच असावे. घरी भात-मासळी खाणाऱ्यापुढे तेथे कोरड्या गोळ्या आल्या, तर ते उपाशी राहील. पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजी मासळी दुर्मीळ होते, तेव्हा सुकटीवर भागवण्याचा मोह होतो; पण तिच्यातले मीठ चांगले नव्हे. गोळ्याच द्यायच्या असतील, तर घरीच महिनाभर आधी सवय लावा.

आणि येथे माझ्या मनीकडे पुन्हा वळले पाहिजे. मांजराचा उपास म्हणजे रुसवा नव्हे. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते, विशेषतः गुबगुबीत मांजराच्या. आणि मग डोळे पिवळे होतात. म्हणून सांभाळणाऱ्याने लाड मोजू नयेत, घास मोजावेत. एक दिवस अन्न शिवले नाही तर मालकाला कळवावे, दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला गाठावे. बोका वारंवार मातीत बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर एक तासही थांबू नये.

केसलर आणि टर्नर या संशोधकांनी पाळणाघरांतील एकशे चाळीस मांजरांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. पहिल्या चार दिवसांत ताण सर्वांत झपाट्याने उतरतो आणि पंधरवड्यात सुमारे दोनतृतीयांश मांजरे बऱ्यापैकी रुळतात, असे त्यांना आढळले. उरलेल्या तृतीयांशाचा विचार मात्र आपण करायला हवा. माझे स्वतःचे मत असे, की चार-पाच दिवसांचाच प्रवास असेल तर मांजर घरीच ठेवावे आणि शेजाऱ्याने दोन वेळा येऊन जेवण द्यावे, माती बदलावी, तोंड पाहावे. शेजारी नसेल किंवा मुक्काम लांबणार असेल, तरच दुसरे घर.

मनीनंतर आमच्याकडे एक बोका आला. गेल्या वर्षी पुन्हा कोल्हापूरला जायचे ठरले, तेव्हा त्याला त्याच नातलगांकडे नेला. या वेळी छत असलेली, कौलांची फट नसलेली एक खोली, आंब्याची पेटी, गोधडी आणि मातीचे घमेले एवढेच मागितले, आणि मुलांना सांगितले की त्याच्याकडे पाहूही नका. दोन दिवस तो पेटीबाहेर आला नाही; पण रात्री बशी रिकामी होत होती, हे ते मला रोज फोनवर सांगत. चौथ्या दिवशी धाकट्या मुलीचा फोन आला. ती अभ्यास करीत बसली होती, आणि बोक्याने येऊन तिच्या वहीच्या कोपऱ्याला गाल घासला होता.